सर्वात पुढचं पान

वाचायचं यंत्र घरात एकच,
जुन्या बाजारातून आणलेलं, कोपऱ्यात तडा गेलेलं,
आणि आम्ही पाच जण.
एलिओदोरो चौदा दिवस गॅसच्या विहिरींवर, चौदा दिवस घरी,
म्हणजे साडेचार म्हणा.

पुंता आरेनासला जूनमध्ये दहाला उजाडतं
आणि साडेपाचला दिवे लागलेले असतात.
मुलं करणार काय? वाचतात,
हाताला लागेल ते.
बाल्टाझार सहा वर्षांचा. त्याने माझ्या कादंबरीतल्या
एका शब्दाचा अर्थ विचारला, भर जेवणात,
नवऱ्याच्या मावशीसमोर.
मावशींच्या घशात बटाटा अडकला.
त्याच रात्री मी कानाला खडा लावला
आणि यंत्राला कुलूप.

मुलांचं खातं वेगळं.
पुस्तकं एकेक करून निवडली, खूण केली, पुढे सरकले.
नऊनंतर पडदा बंद.
कुलपाला चार आकडे हवे होते, मी बाबांच्या बोटीचा क्रमांक दिला.
हल्ली तो माझ्याशिवाय कुणालाच आठवत नाही,
बाबांनासुद्धा नाही.
त्या बोटीचा फोटो जिन्यात टांगलाय,
नाळेवर क्रमांक हातभर मोठा,
हे मात्र माझ्या लक्षात राहिलं नाही.

खरं सांगायचं तर कुलूप त्या कादंबरीसाठी नव्हतंच.
आणखी एक पुस्तक होतं,
विसरत जाणाऱ्या माणसाबरोबर कसं राहावं याचं.
ते मी न्हाणीघरात वाचायचे, टबाच्या काठावर बसून,
नळ सोडून.
सातव्या प्रकरणात तो माणूस
चमचा कसा धरायचा ते विसरतो.
हे मिलेंकाने वाचायला नको, एवढंच माझं म्हणणं.
दहाच वर्षांची आहे.

बाबांचं खातं उघडंच ठेवलंय.
त्यांचं पुस्तक एक, कुणा जुन्या खलाशाच्या आठवणी.
यंत्र रोज त्यांना विचारतं,
तुम्ही बाराव्या पानावर आहात.
सर्वात पुढचं वाचलेलं पान दोनशे चौदा.
तिकडे जायचं का?
बाबा चष्मा पुसतात, नीट विचार करतात
आणि दाबतात: नाही.

गुरुवारी रात्रपाळी करून आले, यंत्र उघडलं.
पडद्यावर एक अस्वल हात हलवत होतं.
नमस्कार, आई! वय वर्षं सात.
तुझ्यासाठी आठ पुस्तकं.
पेंग्विन. पावाच्या पाककृती. लोकरीचे विणकाम-नमुने.
तारे. परत पेंग्विन.
ते पुस्तक कुठेच नाही.
वाचनाची वेळ साडेनऊपर्यंत,
म्हणजे माझ्यावर अर्ध्या तासाची मेहेरबानी.

कुंपणाने शेत खाल्लेलं ऐकलं होतं,
शेताने कुंपणाला आत कोंडलेलं
पहिल्यांदाच पाहत होते.

मिलेंका ताटल्या विसळत होती.
पाठ वळवली नाही तिने.
म्हणाली, मी वाचलंय ते, शेवटपर्यंत.
तू नको वाचूस.
नळ सोडलास तरी ऐकू येतं.
मग जरा थांबून, तिच्या त्या बाईसारख्या आवाजात,
बाल्टाझारलाही देऊ नकोस हं, तो लहान आहे.

मला रागवायचं होतं.
शब्दही तयार होते, विश्वास, परवानगी, वगैरे.
मी फडकं घेतलं आणि ताटल्या पुसायला लागले.

आकडे बदलायला हवेत. बदलते, बदलते.
आज पेंग्विनांवर एकतीस पानं झाली.
नर अंडं पायांवर घेऊन उभा राहतो, महिनोन्‌महिने,
आणि हे सगळं आपल्याच खाली, बर्फात.
साडेनऊला अस्वल झोपलं, पडदा काळा.
यंत्र बाबांकडे गेलं.

त्यांनी चष्मा पुसला.
दोनशे चौदावर जायचं का?
नाही.
बाराव्या पानावर बोट नुकतीच धक्का सोडते आहे,
दोर अजून ओला आहे.
मी खुर्ची हीटरजवळून ओढून त्यांच्या शेजारी घेतली.
मोठ्याने वाचा ना, म्हटलं,
मला इथलं काही आठवत नाही.